एकोणऐंशीवर अडलेला काटा

पत्र:

"नमस्कार मॅडम. मी गोव्यात साखळीला राहते, शाळेत शिकवते. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर. चौदा महिन्यांपूर्वी माझी स्लीव्हची, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायची, शस्त्रक्रिया झाली तेव्हा वजन ११२ किलो होतं. पहिल्या सहा महिन्यांत २४ किलो उतरलं, मग हळूहळू आणखी नऊ. गेले तीन महिने काटा ७९वर अडला आहे. मधुमेहाची गोळी बंद झाली, गुडघेही बरे आहेत, पण वजन हलत नाही त्याचं काय? मला ५८वर यायचं आहे. रोज वहीत लिहिते, ११००च्या वर कॅलरी जात नाहीत. दोन पानांचा फोटो सोबत पाठवते. जिममधल्या मशीनने विश्रांतीतला खर्च १३१० कॅलरी आणि 'मेटाबॉलिक वय' ५८ दाखवलं. ट्रेनर म्हणाला, ऑपरेशनने तुमचं मेटाबॉलिझम मारून टाकलं. नणंद म्हणते, चाळिशी उलटली की हे असंच. मोबाइलवर एका बाईंनी सांगितलंय की ८०० कॅलरींवर या, काटा हलेल. भूक पुन्हा लागू लागली आहे, तिची भीती वाटते. थंडी वाजते, दुपारी वर्गात गळून गेल्यासारखं होतं. माझं मेटाबॉलिझम कायमचं बिघडलं का? ते वाढवायला काय घेऊ? आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आलीय. नेवऱ्या (करंज्या) खाऊ की नको, तेही सांगा.
— एक शिक्षिका, साखळी"

ताई,

८०० कॅलरींवर जाऊ नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आजच ऐका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही 'पण'च्या अलीकडे उरकून टाकली आहे. मधुमेहाची गोळी बंद झाली आणि गुडघे बरे झाले, यासाठीच तर ही शस्त्रक्रिया करतात. वजन हे त्यातलं सहज मोजता येणारं माप, म्हणून सगळ्यांची नजर तिथेच जाते. स्लीव्हनंतर एक-दीड वर्षात मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. तुमचे ३३ किलो म्हणजे ११२चे २९ टक्के. पहिले तीन-सहा महिने वजन धडाधड उतरतं, मग वेग मंदावतो, आणि बाराव्या ते अठराव्या महिन्याच्या आसपास बहुतेकांचं वजन सर्वांत खाली येऊन थांबतं. पुढच्या काही वर्षांत थोडं परत चढतंही. तुम्ही चौदाव्या महिन्यात आहात. काटा अवेळी थांबलेला नाही.

मग हे ५८ कुठून आले? उंचीच्या तक्त्यातून, असा माझा अंदाज आहे. ११२वरून ५८ म्हणजे जवळपास निम्मं वजन घालवणं. या शस्त्रक्रियेने ते फार थोड्यांना साधतं. शस्त्रक्रियेआधी कोणी तुमच्यासमोर बसून हा हिशेब मांडला नसेल, तर ती उणीव सांगणाऱ्यांची आहे, तुमच्या जिद्दीची नव्हे. पण त्या आकड्याशी स्वतःला तोलत राहिलात तर ७९ तुम्हाला नापास झाल्यासारखेच वाटणार.

आता मेटाबॉलिझमकडे, म्हणजे चयापचयाकडे येऊ.

आपण काहीही न करता पडून असलो तरी शरीर ऊर्जा खर्च करत असतं. दिवसभराच्या एकूण खर्चातला ६० ते ७० टक्के भाग हाच असतो. अन्न पचवण्यात साधारण दहा टक्के जातात आणि उरलेले हालचालीत. पडल्या पडल्या होणारा हा खर्च स्नायूंमुळे होतो असा जिममध्ये समज असतो. खरं तर मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं हे अवयव वजनाच्या पाच-सहा टक्केच भरतात, पण विश्रांतीतली निम्म्याहून जास्त ऊर्जा तेच घेतात. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ कॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे चरबीही अगदीच आयतखाऊ नसते. ती वाढली की तिला रक्त पोचवायला हृदय जास्त राबतं, यकृत फुगतं, आणि सगळ्यांचाच खर्च वाढतो.

हा खर्च अंदाजण्याचं एक सूत्र आहारतज्ज्ञ रोज वापरतात, १९९० साली अमेरिकेत ४९८ निरोगी माणसांच्या मोजमापांवरून बसवलेलं. स्त्रियांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. यात तुमचे आकडे घालते. ११२ किलोच्या वेळी तुमचं शरीर विश्रांतीत साधारण १७४५ कॅलरी खर्च करत होतं. आज ७९ किलोला सूत्र देतं १४१०. म्हणजे सव्वातीनशेहून जास्त कॅलरींचा फरक फक्त शरीर लहान झाल्यामुळे पडला. ट्रॉलर विकून होडी घेतली तर डिझेल कमीच लागणार, म्हणून कोणी इंजिन बिघडलं म्हणत नाही. तुमच्या ट्रेनरने नेमकं तेच म्हटलं आहे.

१४१० आणि मशीनचे १३१० यांत शंभराचा फरक उरतो. तो खरा असू शकतो, पण ते मशीन चयापचय मोजत नाही. तळव्यांतून बारीक विद्युतप्रवाह सोडून ते शरीरातलं पाणी अजमावतं, त्यावरून चरबी आणि स्नायूंचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज दुसऱ्या सूत्रात घालतं. सकाळी पाणी पिऊन गेलात आणि संध्याकाळी घामाघूम होऊन गेलात तर आकडे वेगळे येतील. खरं मोजमाप करायचं तर उपाशीपोटी वीस-तीस मिनिटं शांत पडून, श्वासातून घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. वर सूत्रसुद्धा परक्या शरीरांवरचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. त्याच वजनात आपल्या लोकांत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, त्यामुळे असली सूत्रं आपल्याला थोडं जास्तच देतात. तुमचे शंभर त्यातच विरघळून जाऊ शकतात. आणि 'मेटाबॉलिक वय' हा आजार कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात नाही. मशीन विकायला बरा दिसतो एवढंच. त्या ५८ची आणि तुमच्या उद्दिष्टातल्या ५८ची, दोघांचीही चिठ्ठी फाडून टाका.

तरीही ट्रेनरच्या बोलण्यात खऱ्याचा एक अंश आहे, तो दडवत नाही. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा विश्रांतीतला खर्च शरीराच्या मापाने जेवढा कमी व्हायला हवा त्याहून थोडा जास्त कमी होतो. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमारीतून आलेल्या युरोपला जेवू कसं घालायचं हे शिकण्यासाठी. त्या तरुणांचं वजन चौथ्या हिश्श्याने घटलं आणि विश्रांतीतला खर्च त्याहून मोठ्या प्रमाणात. अंगाला गारठा आणि मनात सतत अन्न, ही त्यांची अवस्था होती. शरीराला तुमचा हेतू कळत नाही. दुष्काळ आणि डाएट त्याच्या लेखी एकच.

तुमच्या ट्रेनरने बहुधा ऐकलेला अभ्यास मात्र दुसरा आहे. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते, आणि विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. २०१६ साली ही बातमी जगभर फिरली आणि 'डाएट केलं की मेटाबॉलिझम कायमचं मरतं' हे वाक्य तिथून घराघरांत शिरलं. पण ती माणसं शस्त्रक्रिया झालेली नव्हती, रोज तासन्‌तास व्यायाम करून अतिशय कमी खात होती. हॉल यांच्याच गटाने २०१४मध्ये स्पर्धकांची तुलना गॅस्ट्रिक बायपास ही वजन उतरवण्याची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशी केली होती. रुग्णांत ही जादा घट सहाव्या महिन्यात दिसली, पण वर्षाने, वजन आणखी उतरूनसुद्धा, ती ठळकपणे सापडली नाही. ही गोष्ट मात्र व्हॉट्सअॅपवर फिरली नाही. स्लीव्हवरचे अभ्यास सगळे एका सुरात बोलत नाहीत, पण शस्त्रक्रियेने चयापचय मरतो असं म्हणायला त्यांत आधार नाही.

नणंदेला थोडक्यात उत्तर. २०२१ साली 'सायन्स'मध्ये २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला. शरीराचं माप हिशेबात घेतलं तर विशीपासून साठीपर्यंत चयापचय जवळजवळ स्थिर राहतो, साठीनंतर उतरू लागतो. चाळिशीत बदलते ती आपली बसण्याउठण्याची रीत.

आता थोडं अवघड बोलते.

तुमचा दिवसभराचा एकूण खर्च, विश्रांतीचे १३१० धरले आणि शाळेतलं उभं राहणं, जिने, घरकाम धरलं, तरी १८००च्या घरात जातो. रोज खरोखर ११०० खाल्ल्या असत्या तर तीन महिन्यांत साठ हजारांवर कॅलरींची तूट पडली असती आणि सात-आठ किलो उतरले असते. पाण्याचा चढउतार दोन-तीन आठवडे काटा अडवू शकतो, तीन महिने नाही. शंभर कॅलरींची मंदीही एवढं मोठं अंतर भरून काढत नाही. म्हणजे तुम्ही वहीत आहे त्याहून जास्त खाता.

रागावू नका. तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच तक्रारीच्या दहा जणांना तपासलं होतं: १२००च्या आत खातो, तरी वजन उतरत नाही. मोजल्यावर त्यांचा चयापचय अपेक्षेच्या पाच टक्क्यांच्या आत निघाला. फरक वहीत होता. खाल्लेलं ४७ टक्क्यांनी कमी लिहिलं गेलं होतं आणि केलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. फसवायचा हेतू कोणाचाच नव्हता. आपल्या सगळ्यांचा हात लिहिताना आखडतो, आहारतज्ज्ञांचासुद्धा.

तुमच्या दोन पानांत मला तीन जागा दिसल्या. 'हुमण १ वाटी – ५०'. बांगड्याचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, ५० कॅलरींत होत नाही, कारण त्यात नारळ आहे. अर्ध्या नारळाच्या खवात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. त्या पातेल्यातून ज्याच्या वाटीला जेवढं येईल तेवढं त्याच्या खात्यावर. नारळ टाकून द्या म्हणत नाही, गोव्यात राहून ते सांगणाऱ्या आहारतज्ज्ञावर मी स्वतःच विश्वास ठेवणार नाही. मासा वाटीत, रस्सा बेताने, एवढंच. दुसरी जागा: 'थोडे काजू'. सत्तरीच्या बागायतीतले घरचे काजू म्हटल्यावर 'थोडे' म्हणजे किती हे मला विचारायची गरज नाही. ३० ग्रॅम काजूत सुमारे १७० कॅलरी असतात, आणि ती छोटीशी मूठ असते. तिसरी: चहाबरोबर खारी, दोन्ही पानांवर रोज संध्याकाळी. इथे स्लीव्हची एक खोड समजून घ्या. शस्त्रक्रियेत पोटाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग काढतात. उरलेल्या नळीत कोंबडीचा सुका तुकडा किंवा तळलेला मासा बसतो आणि लगेच पोट भरल्याची खूण मिळते. चहात भिजलेली खारी, शेव, आइस्क्रीम, पेजेतला पातळ भाग मात्र थांबतच नाही, सरकून जातो. पहिल्या सहा महिन्यांत हे पदार्थ नकोसे वाटत होते, आता चालतात. वजन अडायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे, आणि ते कुठल्याही मशीनवर दिसत नाही.

पुन्हा लागणाऱ्या भुकेला भिऊ नका. भुकेचा एक मुख्य हार्मोन, घ्रेलिन, जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतो आणि स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. म्हणून पहिलं वर्ष तुम्हाला भूक आठवावी लागत होती. नुसत्या डाएटने वजन उतरवणाऱ्यांत घ्रेलिन वाढतं आणि वर्षभराने मोजलं तरी वाढलेलंच सापडतं. तुमच्यासारख्यांत ते बरंच खाली राहतं, जेवणानंतर पोट भरल्याचं सांगणारे हार्मोन वाढलेले असतात. आता लागते ती माणसाची साधी भूक आहे. चार तासांनी लागली तर जेवा. चाळीस मिनिटांनी लागली तर आधी पाणी प्या आणि स्टाफरूममध्ये कोणाचा वाढदिवस आहे का ते बघा.

८०० का नको? वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही. उतरलेल्या वजनाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चरबी नसलेला भाग असतो, त्यात स्नायूही आले. तुमच्या ३३ किलोंत असे सहा-सात किलो तरी गेले असतील. आता आणखी तोडलंत तर एवढ्याशा पोटात प्रथिनं बसणार नाहीत, शरीर स्नायूंवर हात टाकेल, दुपारचं गळून जाणं वाढेल, तुम्ही नकळत कमी हलाल आणि खर्च खरोखरच खाली येईल. वर दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी खारीचं पाकीट संपेल. ते पुढचं मी फार जणांच्या तोंडून ऐकलं आहे.

त्याऐवजी प्रथिनं ६० ते ८० ग्रॅमवर आणा. तुमच्या पानांवर ती मला चाळीस ग्रॅमच्या आसपास दिसली. प्रत्येक जेवणात आधी मासा, अंडं किंवा कडधान्य, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. मध्यम बांगड्यात १६ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, तारल्यांतही तेवढीच, सुंगटांतही (कोळंबीत). वाटीभर उकड्या भातात जेमतेम चार. जेवताना पाणी नको, अर्धा तास थांबून प्या. जून-जुलैची मासेमारी बंदी सरली की लगेच श्रावण, आणि घर शिवराक (शाकाहारी) असेल तर प्रथिनं तिथेच कोसळतात. शिवराक दिवशी अळसांद्याचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, मुगाची घट्ट उसळ, पनीर, दही यांना ताटाचा अर्धा भाग द्या. सोलकढी आणि खतखतं (मिश्र भाज्यांची आमटी) चवीला उत्तम, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. कमी पडत असेल तर प्रथिनांची पावडर चालेल, दुकानदाराने सांगितलेली नको, तुमच्या आहारतज्ज्ञाने सांगितलेली.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा. जिममध्ये तुम्हाला सांगतील की स्नायू वाढले की मेटाबॉलिझम धावेल. दोन किलो स्नायू कमवायला तुम्हाला वर्ष लागेल आणि त्यातून विश्रांतीत २६ कॅलरी वाढतील, साधारण एका मारी बिस्किटाच्या. तरीही करा. हाडं टिकतात, साखर आटोक्यात राहते, आणि सत्तरीत जमिनीवरून उठताना कोणाचा हात लागत नाही. पावसात चालणं बंद पडतं तेव्हा घरात खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढं पुरतं.

थंडी आणि दुपारची गळाठ ही चयापचयाची बाब समजून सोडून देऊ नका. चरबीचा थर गेला की थंडी वाजतेच, पण लोह कमी असलं किंवा थायरॉइड मंद असलं तरी हीच लक्षणं दिसतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) तपासून घ्या. शस्त्रक्रिया केलेल्या इस्पितळात जमत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा. पत्रात तुम्ही पूरक गोळ्यांचा एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून विचारते: चालू आहेत ना? स्लीव्हनंतर मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, ड आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचं असतं. वर्षभर बरं वाटलं म्हणून बंद करणारे पुष्कळ असतात आणि तिसऱ्या वर्षी दम लागतो म्हणून येतात. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि कधी उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, किंवा पायांत मुंग्या, तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं असं काही झालं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बी-१ जीवनसत्त्व संपल्याची ती लक्षणं असू शकतात आणि त्यात उशीर परवडत नाही.

मेटाबॉलिझम वाढवायला काय घेऊ? काही नाही. ग्रीन टी आवडत असेल तर प्या, चहा म्हणून. थायरॉइडची गोळी थायरॉइडचा आजार असल्याशिवाय घेऊ नका, ती स्नायू आणि हृदय दोन्ही खाते. आपल्या भिरंडांच्या (कोकमांच्या) भाऊबंदांपैकी एका फळाच्या अर्काच्या कॅप्सूल 'चरबी जाळणाऱ्या' म्हणून ऑनलाइन विकतात. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलं हुमणात घाला, कॅप्सूल नको.

तीन-चार महिने हे सगळं करूनही काटा वर चढू लागला तर सर्जनकडे जा. नळी सैल झाली आहे का ते बघता येतं. भूक आणि साखर यांवर काम करणारी इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड, वजनासाठी २०२५पासून भारतात मिळू लागली आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर वजन चढलेल्यांना काही डॉक्टर ती देतात. तो निर्णय त्यांचा. मोबाइलवरच्या बाईंचा नाही, माझाही नाही.

स्लीव्ह किंवा बायपास झालेल्या इतर वाचकांसाठी, ताईंसाठी नव्हे, एक गोष्ट इथेच सांगून टाकते. या शस्त्रक्रियांनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते. पूर्वी दोन पेग पचत होते म्हणून आता पचतील असं नाही, आणि फेणीच्या एका छोट्या पेगात मद्याच्याच सत्तर कॅलरी असतात, लिंबूसोडा वेगळा. उर्राकाच्या (काजूच्या हलक्या दारूच्या) दिवसांत एका पेल्यावर गाडी चालवू नका.

नेवऱ्या खा. चवथीच्या दिवशी जेवण झाल्यावर एक, बसून, सावकाश चावून. गोड आणि तळलेलं रिकाम्या पोटी घेतलं तर छाती धडधडून घाम फुटू शकतो, म्हणून जेवणानंतर. दुसऱ्या दिवशी हवी असेल तर आणखी एक. डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवा आणि शाळेत नेऊन वाटून टाका. आणि वहीत 'थोडी' असं न लिहिता 'एक नेवरी' असं लिहा.